केर-फरशीचा दर आणि तासाचे मोल

गृहखर्चाच्या वहीत किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस आणि औषधे यांच्या नोंदी आपण बारकाईने ठेवतो. तुरीची डाळ गेल्या महिन्यापेक्षा किती रुपयांनी महागली, हे बहुतेक गृहिणींना तोंडपाठ असते. सफाईच्या खर्चाची नोंद मात्र एका ओळीत उरकते: 'बाईंचा पगार'. त्या एका ओळीत कोणकोणती कामे आली, त्यांना रोज किती वेळ लागला, त्या वेळेचा भाव काय पडला, याचा हिशेब सहसा होत नाही. वास्तविक घराच्या स्वच्छतेसाठी आपण अनेक प्रकारे पैसे मोजतो. रोजच्या केर-फरशीला एक भाव, भांड्यांना दुसरा, न्हाणीघराला तिसरा आणि दिवाळीपूर्वी कंपनीकडून करवून घेतलेल्या संपूर्ण सफाईला चौथा. हे सारे भाव शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर काही गोष्टी स्पष्ट दिसू लागतात. त्या दिसाव्यात, हाच या लेखाचा हेतू.

'काम' नावाचे माप

महाराष्ट्रातील शहरांत घरकामाचा दर पूर्वापार 'कामा'वर ठरत आला आहे. केर-फरशी हे एक काम, भांडी हे दुसरे, धुणे हे तिसरे. "किती कामे आहेत?" हा बाईंचा पहिला प्रश्न असतो आणि "एका कामाचे किती घेता?" हा आपला. पुण्यात ज्याला केर-फरशी म्हणतात, त्यालाच मुंबईत झाडू-लादी म्हणतात, माप एकच.

पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय वसाहतींत दोन शयनगृहांच्या सदनिकेसाठी एका कामाचे महिन्याला साधारणतः हजार ते दीड हजार रुपये सांगितले जातात. उच्चभ्रू वस्तीत हा आकडा दोन हजारांवर जातो, तर लहान गावांत पाचशे-सातशेवरही काम होते. एकाच घरी दोन-तीन कामे घेतली, तर शंभर-दोनशे रुपये कमी करण्याची पद्धत आहे. खोल्या किती, घरात माणसे किती, भांडी एकदा घासायची की दोनदा, बाईंच्या वस्तीपासून घर किती लांब, यांवर दर वर-खाली होतो.

कपडे धुण्याचे यंत्र घरोघरी आले, तसे धुण्याचे काम आटले आणि अनेक जणींचे एक उत्पन्न गेले. काही घरांत त्याच्या जागी कपडे वाळत घालणे आणि घड्या करणे ही कामे आली. परंतु ती 'काम' म्हणून मोजली न जाता जोडीला करून देण्याची गोष्ट ठरली. येथेच या मापाची उणीव लक्षात येते. 'काम' हे लवचीक माप आहे. गव्हाचा किलो हजार ग्रॅमचाच असतो. केर-फरशीचे एक काम मात्र एका घरी अर्ध्या तासाचे असते, तर दुसऱ्या घरी सव्वा तासाचे. शिवाय ते हळूहळू वाढत जाते. सुरुवातीला फरशी ठरलेली असते. मग गॅलरी येते, मग खिडक्यांच्या कडा, मग पलंगाखालची जागा, मग आठवड्यातून एकदा जळमटे. काम वाढते, पण दर पहिल्या दिवशीचाच राहतो.

घड्याळ लावून पाहिले तर

उदाहरणापुरते काही आकडे धरू. केर-फरशीचे महिन्याला १,२०० रुपये ठरले आहेत आणि कामाला रोज पाऊण तास लागतो. महिन्याला दोन सुट्या वजा करता २८ दिवस काम होते. म्हणजे एकूण २१ तास. १,२०० रुपयांना २१ ने भागले, तर तासाला सुमारे ५७ रुपये पडतात.

आता हाच हिशेब आपल्या बाजूने न मांडता बाईंच्या बाजूने मांडू. समजा, त्या पाच घरी केर-फरशी आणि भांडी अशी दोन कामे करतात. प्रत्येक घरी सव्वा तास लागतो आणि महिन्याला २,२०० रुपये मिळतात. पाच घरांचे मिळून ११,००० रुपये होतात. घरांतील काम रोज सव्वासहा तासांचे, म्हणजे महिन्याला १७५ तासांचे. तासाचा भाव जवळजवळ ६३ रुपये. परंतु एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात दहा मिनिटे जातात. अशा चार फेऱ्यांची चाळीस मिनिटे. वस्तीपासून पहिल्या घरापर्यंत येणे आणि शेवटच्या घरून परत जाणे, यात आणखी ऐंशी मिनिटे. एवंच, त्यांचा दिवस सव्वाआठ तासांचा झाला. महिन्याचे २३१ तास झाले आणि तासाचा भाव ४८ रुपयांच्या आत आला.

नोकरदार माणसालाही कार्यालयात जाण्या-येण्याचा वेळ लागतो, असे यावर कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण कार्यालयात एकदा पोहोचल्यावर टेबलावरून टेबलाकडे जाण्याचा, मध्ये जेवणाचा आणि काम नसताना बसून राहण्याचा वेळही पगारात धरलेला असतो. घरकामात दाराबाहेर थांबण्याचा वेळ कोणाच्याच हिशेबात येत नाही. "अजून आंघोळी व्हायच्या आहेत, थोड्या वेळाने या," असे एका घरी सहज म्हटले जाते आणि पुढच्या चार घरांचे वेळापत्रक कोलमडते.

आपल्या घरांच्या बाबतीत वेळेचा हा प्रश्न आणखी थोडा निराळा आहे. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपणाऱ्या घरी भांडी लवकर पडतात. बाईंना रात्री उशिरापर्यंत थांबावे लागत नाही, ही त्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. मात्र एकाच इमारतीत अशी चार-पाच घरे असली, तर प्रत्येकीला बाई त्याच अर्ध्या तासात हव्या असतात. त्या वेळी शेजारणींनी आपापसांत बोलून वेळा वाटून घेतल्या, तर एकही रुपया न खर्चता बाईंची धावपळ वाचते.

एका दिवसाची मोठी सफाई

रोजच्या सफाईपलीकडे दुसरा एक बाजार गेल्या दहा-पंधरा वर्षांत उभा राहिला आहे. त्याला सर्वजण 'डीप क्लीनिंग' म्हणतात. दूरध्वनी करावा किंवा मोबाइलवर नोंदणी करावी. ठरलेल्या दिवशी दोन-तीन माणसे यंत्रे, रसायने आणि शिडी घेऊन हजर होतात. यांचे दर कामानुसार वेगवेगळे असतात. एका न्हाणीघराचे साधारण चारशे ते सहाशे रुपये. ओटा, कपाटे, चिमणी आणि एक्झॉस्ट पंख्यासह स्वयंपाकघराचे दीड-दोन हजार किंवा अधिक. सोफ्याचा दर बैठकीवर. आणि दोन शयनगृहांच्या संपूर्ण घराचे साधारण साडेतीन ते साडेपाच हजार. रिकामे घर असेल, तर दर कमी, कारण सामान हलवावे लागत नाही. नव्याने रंग दिलेले किंवा फरशी बसवलेले घर असेल, तर दर जास्त, कारण रंगाचे आणि सिमेंटचे डाग खरवडून काढावे लागतात.

समजा, संपूर्ण घराचे ४,५०० रुपये झाले. तीन माणसांनी सहा तास काम केले, म्हणजे अठरा तासांचे श्रम झाले. तासाला २५० रुपये पडले. घर तेच आणि धूळही तीच. पण रोज येणाऱ्या बाईंच्या तासाच्या चौपटीहून अधिक भाव आपण येथे मोजला.

ही तुलना करताना न्याय दोन्ही बाजूंना द्यायला हवा. या २५० रुपयांतून यंत्राची झीज, रसायने, वाहतूक, जाहिरात, वस्तू व सेवा कर आणि कंपनीचा नफा वजा होतो. प्रत्यक्ष घासणाऱ्या माणसाच्या हाती त्यातला एक भागच पडतो. शिवाय त्याला रोज काम मिळेलच, असे नाही. तेव्हा कंपनीचा दर जसाच्या तसा बाईंना लावावा, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आपल्या वागण्याचा आहे. कंपनीचे दरपत्रक आपण मोबाइलवर पाहतो, रक्कम मान्य करतो आणि पैसे आगाऊही भरतो. बाईंनी मात्र वर्षानंतर शंभर रुपये वाढवून मागितले, की घासाघीस सुरू होते. छापील दराशी आपण वाद घालत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाशी घालतो.

न्हाणीघराचा वेगळा भाव

न्हाणीघर आणि शौचालय यांची सफाई बहुतेक ठिकाणी केर-फरशीच्या कामात धरत नाहीत. तिचा दर वेगळा ठरतो आणि पुष्कळदा माणूसही वेगळा असतो. या वेगळेपणामागे श्रम आहेत, तसाच समाजाचा जुना इतिहासही आहे. एका विशिष्ट समाजानेच हे काम करावे, अशी सक्ती पिढ्यानुपिढ्या होती. आजही कित्येक इमारतींत हे काम करणाऱ्याला पाणी वेगळ्या पेल्यात दिले जाते. पेला वेगळा ठेवण्याचे कोणतेही आरोग्यशास्त्रीय कारण नाही. ते काम आपल्या घराचेच आहे आणि ती घाणही आपलीच आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

या कामात धोकाही आहे. टाइल्सवरचे क्षारांचे डाग काढण्यासाठी ॲसिड वापरले जाते आणि दुर्गंधी घालवण्यासाठी ब्लीचिंग पावडर. ही दोन्ही एकत्र आली, तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. बाटल्यांवरील सूचना इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असतात. त्या वाचून समजावणे हे घरमालकाचे काम आहे. रबरी हातमोजे, खिडकी उघडी ठेवणे आणि दोन रसायने एकत्र न करणे, एवढी खबरदारी कमीत कमी हवी. हातमोज्यांचा खर्च बाईंच्या पगारातून होऊ नये. तो साबणाच्या खर्चासारखा घराचाच खर्च आहे.

हीच गोष्ट फरशी पुसण्याची. खाली बसून, गुडघ्यांवर सरकत रोज पाच घरांची फरशी पुसणाऱ्या बाईंचे गुडघे लवकर झिजतात. लांब दांड्याचा मॉप काहीशे रुपयांत येतो. तो आणून देणे हा बाईंवर उपकार नसून कामाला योग्य साधन पुरवणे आहे. सुताराला करवत आणि दर्ज्याला शिलाई यंत्र लागते, तसेच हे.

दिवाळीची सफाई आणि बोनस

वर्षातील सर्वांत मोठी सफाई दिवाळीपूर्वी होते. माळे रिकामे होतात, डबे घासले जातात, पंखे पुसले जातात आणि पडदे धुतले जातात. या दिवसांत कंपन्यांचे दर वाढतात, कारण मागणी वाढलेली असते. ते वाढीव दर आपण देतो. बाईंकडून हीच सफाई करवून घेताना मात्र एक विचित्र हिशेब अनेक घरांत चालतो: "दिवाळीला एक पगार बोनस देतोच की!"

बोनस म्हणजे वर्षभराच्या नियमित कामाचे पारितोषिक. दिवाळीची सफाई हे त्या कामाबाहेरचे जादा काम. ही दोन्ही एकत्र केली, की बोनस नावापुरता उरतो. वरच्याच उदाहरणात पाहू. तीन दिवस रोज तीन तास जादा काम झाले, म्हणजे नऊ तास. तासाला ६३ रुपये या साध्या भावाने त्याचे ५६७ रुपये होतात. २,२०० रुपयांच्या बोनसमधील चतुर्थांशाहून अधिक रक्कम ही अशा रीतीने मजुरीच ठरली. ज्या बाई पाच घरी जातात, त्यांच्यावर हे पाचही घरी घडते आणि त्याच दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरचे माळेही आवरायचे असतात. म्हणून दिवाळीच्या सफाईचे पैसे आधी वेगळे ठरवावेत आणि काम संपताच वेगळे द्यावेत. बोनस त्यानंतर, दिवाळीच्या खरेदीला उपयोगी पडेल इतका वेळ हाताशी ठेवून द्यावा.

दर कोण ठरवतो?

घरकामाचा दर मागणी आणि पुरवठ्यावर ठरतो, असे म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात तो बहुतेकदा इमारतीत ठरतो. "आमच्याकडे इतकेच देतात," हे वाक्य दराचे अंतिम प्रमाण मानले जाते. हल्ली सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर "कोणी जास्त देऊन दर बिघडवू नये," अशा सूचनाही फिरतात. देणाऱ्यांनी एकत्र येऊन दर बांधला, तर ती शिस्त मानली जाते. घेणाऱ्यांनी एकत्र येऊन दर सांगितला, तर ती दादागिरी! हा दुजाभाव विचारी माणसाला खटकायला हवा.

घेणाऱ्यांनी एकत्र येण्याची सुरुवात महाराष्ट्रात पुण्याने केली. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी काम बंद ठेवले. पगारवाढ, हक्काची रजा आणि माणुसकीची वागणूक या त्यांच्या मागण्या होत्या. स्वतःच्या घरी कमावणारे दुसरे कोणी नसताना आणि एकेकटीने एकेका घरी काम करत असताना संप करणे किती कठीण असते, याची कल्पना करता येईल. त्या संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कामाचे दर, रजा आणि बोनस यांविषयी उघडपणे बोलता येते, ही जाणीव त्यातून पुढे पसरत गेली. 'मोलकरीण' या शब्दाची फोडही येथे आठवण्याजोगी आहे. मोल घेऊन काम करणारी, ती मोलकरीण. शब्दातच मोल आहे. ते किती असावे, एवढेच ठरायचे राहिले.

पुढे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ हा कायदा झाला. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी कल्याणकारी योजना, असे त्याचे स्वरूप आहे. कोरोनाच्या काळात, २०२१ साली राज्य शासनाने नोंदीत घरकामगारांना १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा नोंदणीचा उपयोग अनेकींच्या ध्यानी आला. आपल्या घरी येणाऱ्या बाईंची नोंदणी झाली आहे का, हे विचारणे आणि कागदपत्रांसाठी अर्धा तास मदत करणे, हे सहज होण्याजोगे काम आहे.

परंतु हा कायदा दर ठरवत नाही. कर्नाटक, केरळ, राजस्थान यांसारख्या राज्यांनी घरकामासाठी किमान वेतन अधिसूचित केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. त्यावर भारताने अद्याप मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. तेव्हा आपल्याकडे आजही केर-फरशीचा भाव स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच ठरतो.

तासाचा भाव आता उघड झाला

मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनी या मोबाइलवरून सेवा पुरवणाऱ्या कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामासाठी माणूस पाठवण्याची योजना आणली. सुरुवातीची सवलत म्हणून तासाला ४९ रुपये हा दर जाहीर झाला. योजनेचे पहिले नाव 'इन्स्टा मेड्स' असे होते. त्यावर टीका झाली आणि ते 'इन्स्टा हेल्प' असे बदलले गेले. टीकेला उत्तर देताना कंपनीने असेही सांगितले, की काम करणाऱ्या व्यक्तीला तासाला १५० ते १८० रुपये मिळतील आणि महिन्याला १३२ तास काम करणाऱ्यास किमान २०,००० रुपयांची हमी राहील.

ग्राहकाने ४९ द्यायचे आणि कामगाराला १५० मिळायचे, हे गणित सवलत असेपर्यंतच चालणार, हे उघड आहे. त्या कंपनीची स्तुती किंवा निंदा करण्याचे येथे कारण नाही. पण एक गोष्ट या निमित्ताने घडली. घरकामाचे माप 'काम' न राहता 'तास' झाले आणि त्या तासाला एका मोठ्या कंपनीने दीडशे रुपयांचा आकडा जाहीरपणे लावला. आपल्या उदाहरणातील बाईंचा तास ६३ रुपयांचा होता. येत्या काही वर्षांत अनेक जणी या दोन आकड्यांची तुलना करतील आणि जुनी घरे सोडतील. तेव्हा "बाई मिळत नाहीत" अशी तक्रार करण्याऐवजी आपला भाव तपासून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

ठरवताना काय पाहावे?

कोणत्या घराने किती द्यावे, याचा एकच आकडा सांगता येणार नाही. गाव, वस्ती आणि काम यांनुसार तो बदलेल. तो ठरवण्याची रीत मात्र सांगता येते.

१. पहिल्या दिवशी कामाची यादी करावी. रोजचे काय, आठवड्याचे काय, महिन्याचे काय, हे मराठीत स्वच्छ लिहून एक प्रत बाईंना द्यावी. वाचता येत नसेल, तर वाचून दाखवावी.

२. आठवडाभर वेळ पाहावी. महिन्याचे तास काढून दराला भागावे. येणारा आकडा आपल्या मुलीला किंवा सुनेला कोणी देऊ केला, तर आपल्याला कसे वाटेल, हे स्वतःशीच विचारावे.

३. रजा आधी ठरवावी. महिन्यातून किमान दोन ते चार दिवस भरपगारी रजा असावी. हक्काची रजा नसते, तेथेच न सांगता खाडे होतात. कारण विचारले, तर नकार मिळेल, ही भीती असते. रजेच्या आतील खाड्याचे पैसे कापू नयेत.

४. आपण गावी किंवा यात्रेला गेलो, तर तो बाईंचा खाडा नव्हे. त्या दिवसांचा पगार चालू राहावा. घर बंद असले, तरी त्यांची चूल बंद नसते.

५. वाढीची तारीख ठरवून ठेवावी. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तरी आज हजार रुपयांत येणाऱ्या वस्तूंना तीन वर्षांनी १,१५८ रुपये लागतील. तीन वर्षे न वाढलेला पगार हा प्रत्यक्षात कमी झालेला पगार असतो. बाईंना मागण्याची वेळच येऊ देऊ नये.

६. पाहुणे, सण, पूजा किंवा लग्नकार्य यांचे जादा काम वेगळे मोजावे. उरलेले अन्न किंवा जुनी साडी हा त्याचा मोबदला होऊ शकत नाही. ती द्यायची असेल, तर प्रेमाने द्यावी, पण हिशेबात धरू नये.

७. आजारपण किंवा मुलांच्या शाळेसाठी उचल दिली असेल, तर ती ठरावीक हप्त्यांत परत घ्यावी. उचल फिटेपर्यंत पगारवाढ नाही, अशी अट घालू नये. तसे केले, तर मदतीची बेडी होते.

परवडण्याचा प्रश्न

हे सारे वाचून काही वाचकांच्या मनात एक रास्त शंका येईल. ज्या घरी निवृत्तिवेतनावर दोन वृद्ध राहतात किंवा एकट्याच्या पगारात चार माणसे जगतात, त्यांनी काय करावे? त्यांची अडचण खरी आहे आणि तिला उपदेशाने उत्तर देता येत नाही.

त्यावर एक व्यवहारी मार्ग आहे. दर कमी करू नये, काम कमी करावे. दोन माणसांच्या घरात फरशी रोज पुसण्याची गरज नसते. एक दिवसाआड पुसली, तरी घर स्वच्छ राहते. चहाचे कप आणि ताटे आपली आपण विसळून ठेवली, तर भांड्यांचे काम निम्म्यावर येते. घरातील तरुण मुला-मुलींनी आपापली खोली स्वतः झाडली, तर एक खोली वजा होते. मग बाईंचा कमी वेळ घ्यावा आणि त्या वेळेचा भाव मात्र पुरता द्यावा. वाचलेल्या वेळात त्या दुसरे घर धरू शकतात. पूर्ण काम करवून घेऊन अर्धा भाव दिला, तर त्यांच्याजवळ वेळही उरत नाही आणि पैसाही.

ज्यांना परवडते, त्यांच्यासाठी हिशेब याहून सोपा आहे. केर-फरशीच्या आपल्या उदाहरणात तासाचा भाव ५७ वरून ८० रुपये केला, तर महिन्याचे १,२०० रुपयांचे १,६८० होतील. वाढ ४८० रुपयांची, म्हणजे दिवसाला सोळा रुपये. सोळा रुपयांत आज बाहेर एक कप चहाही सगळीकडे मिळत नाही. आपल्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधून काढावी लागेल, इतकी लहान आहे. बाईंच्या अंदाजपत्रकात मात्र पाच घरांचे मिळून महिन्याला २,४०० रुपये वाढतात. त्यातून मुलीची शिकवणी सुरू राहू शकते, सावकाराकडे जाणे टळू शकते किंवा सहावे घर धरण्याची गरज उरत नाही आणि दुपारी तासभर पाठ टेकता येते.

येत्या महिन्याच्या एक तारखेला पगार देण्यापूर्वी दोनच आकडे वहीत लिहावेत: महिन्याचे तास किती झाले आणि तासाला किती पडले. मग 'बाईंचा पगार' या ओळीपुढे कोणती रक्कम लिहायची, ते ज्याचे त्याने ठरवावे.